जळालेले जिनिंगचे गोदाम: पाडावे की दुरुस्त करावे, हे ठरवण्याआधीची कामे आणि त्यांचा क्रम

हिंगणघाट, पुलगाव, धामणगाव, मूर्तिजापूर, खामगाव अशा कापसाच्या गावांत बाजारपेठेच्या ऐन मध्यात जुनी जिनिंगची (कापसापासून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यांची) गोदामे अजून उभी आहेत. जिनिंग बंद पडली की अशा गोदामात लोखंडी गर्डर टाकून माळा काढला जातो, माळ्यावर प्लायवूडच्या भिंती घालून भाड्याच्या खोल्या केल्या जातात आणि खाली दुकान किंवा मालाचा साठा राहतो. अशा इमारतीला आग लागली की तिचे पुढे काय, हा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहतो. तो लोंबकळण्याचे कारण बहुतेक वेळा आग नसते, चुकलेला क्रम असतो. पहिल्याच आठवड्यात घरातला एक जण भंगारवाल्याला बोलावतो आणि दुसरा प्लास्टरसाठी गवंड्याला. पहिल्यामुळे पुरावा जातो, दुसऱ्यामुळे तडे झाकले जातात. त्यानंतर अभियंता काही सांगू शकत नाही आणि विमा कंपनीला काही मान्य करावे लागत नाही.

पुढचे टप्पे चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, सागवानी कैच्या (छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे), वर टिन किंवा कवेलू (कौले), मध्ये नंतर टाकलेला माळा आणि एखाद्या कोपऱ्यात संडास-बाथरूमपुरता स्लॅब अशा इमारतीला धरून लिहिले आहेत. पाडायचे की राखायचे हा निर्णय सातव्या टप्प्यावर येतो, आणि तो त्याआधी कोणासमोर बोलूनही दाखवू नये.

१. पहिले तीन दिवस: आत न जाता करायची कामे

आग विझली असे अग्निशमन दलाने सांगितले तरी कापूस, रुई, सरकी किंवा बारदाना असलेले गोदाम विझले असे समजू नये. दाबलेल्या गाठीच्या आत आग दिवसचे दिवस धुमसत राहते आणि गाठ मोकळी करताच हवा मिळून पुन्हा पेटते. गाठी आत उकलू नयेत. जवान हजर असताना त्या एकेक करून बाहेर मोकळ्या जागेत न्याव्यात, एकमेकींपासून लांब ठेवाव्यात आणि भिजवून रात्रभर कोणीतरी त्यांच्यावर लक्ष ठेवावे.

वीजजोडणी महावितरणकडून खांबावरूनच तोडून घ्यावी. मीटरजवळचा कटआउट काढणे पुरेसे नाही, कारण भाड्याच्या खोल्यांमध्ये शेजारच्या दुकानातून ओढलेली एखादी वायर हमखास निघते.

इमारतीभोवती निदान भिंतीच्या उंचीएवढ्या अंतरावर दोरी बांधून रहदारी थांबवावी. बाजाराचा दिवस असला की व्यापारी कुरकुर करतात, तरी दोरी काढू नये. छत गेलेली वीस फुटांची मोकळी भिंत ही टेकू नसलेल्या फळीसारखी असते, आणि मे महिन्यातले एक वादळ तिला पुरते.

तपासा: भिंतीला हात लावून ती अजून गरम लागते का? लागत असेल तर आतला मलबा धुमसतो आहे आणि आत जाण्याची वेळ झालेली नाही.

२. नोंदी

या टप्प्यात कामे चार आहेत आणि ती एकाच दिवसात सुरू करता येतात. पोलीस ठाण्यात आकस्मिक जळिताची नोंद करून पंचनामा करून घ्यावा. नगर परिषदेच्या किंवा आलेल्या अग्निशमन दलाकडे अहवालासाठी लेखी अर्ज द्यावा. तलाठ्याकडून नुकसानीचा पंचनामा करून घ्यावा. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावे, आणि फोनवर सांगितले म्हणून थांबू नये. प्रमाणित आग-विमा पॉलिसीत नुकसानीचा तपशीलवार दावा १५ दिवसांत देण्याची अट असते. आपल्या पॉलिसीत कोणती मुदत आहे ते कागद काढून स्वतः वाचावे, एजंटच्या सांगण्यावर विसंबू नये.

या अर्जांत सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे ‘शॉर्ट सर्किटमुळे आग लागली’ असे स्वतःच लिहून देणे. कोणी पाहिलेले नसते, पण सगळे तसेच लिहितात म्हणून लिहिले जाते. पुढे विद्युत निरीक्षकाच्या तपासणीत वायरिंगवर तसे चिन्ह सापडले नाही, की आपलाच अर्ज आपल्याविरुद्ध उभा राहतो. आणि ते सापडले तर वायरिंग कोणी आणि कोणाच्या परवानगीने केले, हा प्रश्न येतो. ‘आगीचे कारण अद्याप कळलेले नाही’ एवढेच लिहावे.

फोटो काढताना जळालेल्या वस्तूंचे फोटो सगळेच काढतात, पण मोजमापाचे कोणी काढत नाही. प्रत्येक भिंतीचा पूर्ण फोटो घ्यावा आणि जवळच्या फोटोत मोजपट्टी धरावी. भाडेकरूंच्या खोल्या कोठे होत्या आणि किती लांबी-रुंदीच्या होत्या, हे राखेवर दिसणाऱ्या प्लायवूडच्या रेषांवरून मोजून कागदावर उतरवावे. मलबा उचलला की या रेषा जातात, आणि चौथ्या टप्प्यात नेमकी त्यांचीच गरज पडते.

सावधान: विमा कंपनीच्या सर्वेक्षकाने पाहणी करून लेखी परवानगी देईपर्यंत एक पत्राही भंगारात विकू नये. वाकलेला गर्डर हा आगीची तीव्रता सांगणारा सर्वांत बोलका पुरावा असतो, आणि भंगारवाला सगळ्यांत आधी हात त्यालाच घालतो.

३. तात्पुरते सावरणे

ही कामे दुरुस्तीत मोडत नाहीत. इमारत पाडायची ठरली तरी ती करावीच लागतात, कारण ठरेपर्यंत ती कोणाच्या अंगावर पडता कामा नये.

मोकळ्या झालेल्या लांब भिंतींना बाहेरून तिरपे टेकू द्यावेत. बल्ल्या (लाकडी वासे) जमिनीशी साधारण ६० ते ७० अंशांचा कोन करतील अशा लावाव्यात आणि त्यांचे वरचे टोक पूर्वी कैची किंवा माळ्याचा गर्डर टेकत होता त्या उंचीवर यावे. काळ्या मातीत बल्ली थेट उभी केली तर पहिल्याच सरीत ती खाली रुतते आणि टेकू नुसता शोभेला उरतो. म्हणून प्रत्येक बल्लीखाली जाड, रुंद फळी जमिनीत तिरपी बसवून तिच्यावर बल्ली टेकवावी आणि पाचर ठोकून घट्ट करावी. पाचर आठवड्यातून एकदा हाताने हलवून पाहावी.

दुसरा धोका पाण्याचा. आग विझवताना ओतलेले पाणी पायाशी मुरलेले असते आणि काळी माती ते पिऊन फुगते. मृगाच्या पावसाआधी आतले साचलेले पाणी बाहेर काढावे, भिंतीलगत चर खणून उतार बाहेरच्या बाजूला द्यावा, आणि भिंतींच्या उघड्या माथ्यावर चुन्याचा उतरता थर देऊन वर ताडपत्री बांधावी. चुन्याची भिंत माथ्यातून भिजू लागली की एका पावसाळ्यात आगीपेक्षा जास्त नुकसान होते. आग सोसलेल्या भिंती नंतरच्या आषाढात कोसळलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी माथा उघडाच होता.

छतावर सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते, म्हणजे श्वासातून फुप्फुसांना घातक ठरणारे तंतू. आगीत ते फुटून तुकडे सगळीकडे उडतात. ते कोरडे झाडू नयेत. पाणी शिंपडून, तोंडाला योग्य मास्क लावून, न फोडता हाताने उचलावेत आणि बंद पोत्यांत ठेवावेत.

४. मालकी, वापर आणि भाडेकरू

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून मागे ढकलला जातो, आणि इमारत अडकते ती नेमकी येथेच. अभियंत्याला पैसे देण्यापूर्वी पुढचे कागद एका फाइलमध्ये लावावेत.

आधी जमिनीचा कागद. गावाची सिटी सर्व्हे झाली असेल तर मिळकत पत्रिका काढावी, नसेल तर सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८. विदर्भातील जुन्या जिनिंगच्या जागा बऱ्याचदा नझूलच्या असतात, म्हणजे शासनाने ठरावीक कामासाठी पट्ट्याने दिलेल्या. पट्ट्यात जागा औद्योगिक कामासाठी दिली असेल आणि तेथे भाड्याच्या खोल्या निघाल्या असतील, तर दुरुस्तीची परवानगी मागताना हा शर्तभंग पहिल्यांदा सरकारी टेबलावर येतो. पट्ट्याची मुदत, नूतनीकरण आणि प्रयोजन हे तिन्ही आपण आधी वाचून ठेवावे. पट्ट्याची मुदत संपली असेल तर कोणताही मोठा खर्च करण्यापूर्वी नझूल विभागात अर्ज द्यावा. दहा वर्षांपूर्वी संपलेल्या पट्ट्यावर लाखोंचा माळा बांधणारे लोक आहेत, आणि त्यांच्याशी वाद घालणे व्यर्थ असते.

त्यानंतर वापराचा प्रश्न. गोदाम म्हणून नोंद असलेल्या इमारतीत राहण्यासाठी खोल्या काढणे हा वापरातला बदल आहे आणि त्याला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६ आणि डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार परवानगी लागते. मालमत्ता कराच्या पावतीवर ‘निवासी’ लिहिलेले असणे ही परवानगी नव्हे. नगर परिषद वापर पाहून कर बसवते, पण कर बसवला म्हणून बांधकाम नियमित होत नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की कागद पाहताना मी पहिला प्रश्न तोच विचारतो.

विमा याच गाठीत अडकलेला असतो. पॉलिसी गोदामाची आणि आत माणसे राहत होती, असे निघाले तर कंपनी दावा नाकारू शकते. अशा वेळी खरे लपवून तक्ते भरणे ही सर्वांत महाग पडणारी चूक ठरते, कारण पोलिसांच्या पंचनाम्यात जळालेली गादी, गॅस शेगडी आणि शाळेचे दप्तर यांची नोंद आधीच झालेली असते. वस्तुस्थिती लिहावी आणि खालच्या गोदामाच्या भागाचा दावा वेगळा मांडावा.

पॉलिसीत आणखी तीन गोष्टी पाहाव्यात.

एक, विम्याची रक्कम. इमारतीची किंमत ४० लाख आणि विमा २० लाखांचा असेल, तर सरासरीच्या अटीमुळे (विमा जितक्या प्रमाणात कमी, तितक्याच प्रमाणात भरपाई कमी) १० लाखांच्या नुकसानीला ५ लाखच मिळतात. एप्रिल २०२१ पासून आलेल्या भारत गृह रक्षा पॉलिसीत कमी विम्याची ही कपात नाही, पण ती घरांसाठी आहे.

दोन, रिकामी इमारत. जुन्या प्रमाणित पॉलिसीनुसार इमारत ३० दिवसांपेक्षा जास्त काळ रिकामी राहिली तर संरक्षण थांबते, म्हणून जळालेल्या इमारतीचा उरलेला भाग रिकामा राहणार आहे हे कंपनीला लेखी कळवून तिची संमती घ्यावी.

तीन, पुनर्बांधणी मूल्याची अट, म्हणजे नव्याने बांधण्याचा पूर्ण खर्च मिळण्याची. ही असेल तर सर्वसाधारणपणे नुकसानीपासून १२ महिन्यांत काम पूर्ण करावे लागते, नाहीतर घसारा (जुनेपणामुळे घटलेली किंमत) वजा करून रक्कम मिळते. काम लांबणार हे दिसताच मुदतवाढ लेखी मागावी. ‘पाहू, ठरवू’ म्हणत घालवलेल्या वर्षाची किंमत या ओळीत लिहिलेली असते. इमारतीवर कर्ज असेल तर विम्याचे पैसे आधी बँकेकडे जातात, हेही भावकीच्या बैठकीत आधीच सांगून टाकावे.

शेवटी भाडेकरू. आग लागली, खोली जळाली, म्हणजे भाडेकरू आपोआप गेला असे मालकांना वाटते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८(ई) नुसार आगीत मिळकतीचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला तर भाडेपट्टा रद्द करण्याची मुभा भाडेकरूला आहे, मालकाला नाही. इमारत नष्ट झाल्याने भाडेकरार संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून प्रत्येक भाडेकरूशी त्याच्या खोलीचे मोजमाप लिहून, दोघांच्या सह्या घेऊन ठेवाव्यात. दुसऱ्या टप्प्यात काढलेला राखेवरचा नकाशा येथे कामी येतो. खोली नोटरी करारावर विकलेली असेल तर प्रकरण वकिलाकडे न्यावे, गावातल्या मध्यस्थाकडे नेऊ नये.

तपासा: सर्व सहहिस्सेदारांची नावे मिळकत पत्रिकेवर चढली आहेत का? नागपूर-पुण्याला राहणाऱ्या एका बहिणीची सही नसल्याने अडलेली कामे तड्यांमुळे अडलेल्या कामांपेक्षा जास्त असतात.

५. इमारत वाचणे

आता तपासणीसाठी आत जावे, तेही अभियंत्यासोबत, हेल्मेट घालून आणि दिवसाउजेडी. मलबा उचलताना थर ओळखून उचलावा. सर्वांत खाली काय पडले आहे आणि त्यावर काय, यावरून छत आधी कोसळले की माळा, हे कळते.

विटांच्या भिंती. भाजलेली वीट आगीला घाबरत नाही, जातो तो चुना. सांध्यात खिळा घालून ओढावा. चुना पिठासारखा गळत असेल तर किती खोलवर गळतो ते मोजून भिंतीवरच खडूने लिहावे. दीड फूट जाडीच्या भिंतीत एक-दीड इंचापर्यंत चुना गेला असेल तर सांधे खरडून पुन्हा चुन्यानेच भरता येतात. ते सिमेंटने भरू नयेत, कारण कडक सिमेंट आतल्या मऊ चुन्याबरोबर हलत नाही आणि ओल आत कोंडते.

भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दर दहा फुटांवर ओळंबा (वजन बांधलेली दोरी) सोडावा. तापलेला लोखंडी गर्डर लांब होतो. सहा मीटरचा गर्डर ५०० अंश सेल्सिअसने तापला तर तो सुमारे ३६ मिलिमीटर वाढतो आणि ज्या भिंतीत तो पुरलेला आहे तिला बाहेर ढकलतो. थंड झाल्यावर तो आखडतो, पण भिंत मागे येत नाही. म्हणून गर्डर टेकण्याच्या उंचीवर आडवा तडा आणि त्या वर भिंत बाहेर कललेली, हे आगीचे लक्षण धरावे.

काळ्या मातीवरच्या इमारतीत जुने तडे असतातच. ते बहुधा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपे जातात, उन्हाळ्यात उघडतात आणि पावसाळ्यात मिटतात. नवा-जुना ओळखण्यासाठी तड्याच्या आत बॅटरी मारून पाहावे. आत जुन्या रंगाचे ओघळ किंवा कोळिष्टके असतील तर तडा जुना. आत काजळी असेल तर तो आगीच्या आधीचा किंवा आगीतला. भिंत काळी आणि तड्याच्या कडा मात्र स्वच्छ असतील तर तो विझवल्यानंतरचा, आणि तोच सगळ्यांत काळजीचा, कारण हालचाल अजून चालू असू शकते. अशा तड्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून तारीख लिहावी. पट्टी फुटली की भिंत हलते आहे.

सागवानी लाकूड. बाहेरून कोळसा झालेली सागवानी मयाल (तुळई) पाहून लोक ती फुकट देऊन टाकतात. लाकडाचा कोळसा मिनिटाला सुमारे पाऊण मिलिमीटरच्या आतबाहेर वेगाने आत सरकतो आणि तोच कोळसा आतल्या लाकडाचे रक्षण करतो. पटाशीने कोळसा खरवडून खणखणीत लाकूड लागेपर्यंत जावे, तेथून आणखी पाव इंच अशक्त धरून वजा करावा आणि उरलेले माप घ्यावे. ८ इंच रुंद आणि १० इंच उंच मयाल दोन्ही बाजूंनी आणि खालून एकेक इंच जळाली, तर वजाबाकी करून साडेपाच बाय पावणेनऊ इंच उरते. रुंदी गुणिले उंचीचा वर्ग या हिशेबाने तिची वाकण्याला विरोध करण्याची ताकद निम्म्याहून थोडी जास्त राहते. ती पुन्हा मयाल म्हणून नाही, तरी कमी भाराच्या जागी, दाराच्या चौकटीला किंवा जिन्याच्या पायऱ्यांना उत्तम चालते. भिंतीत पुरलेली टोके मात्र स्वतंत्र तपासावीत. बाहेरून ती धडधाकट दिसतात आणि आत वाळवीने पोखरलेली निघतात, त्यात आगीचा काही दोष नसतो.

लोखंड. साधारण ५५० ते ६०० अंशांना पोलादाची ताकद निम्म्यावर येते, म्हणून आगीत गर्डर झुकतो. पण जो गर्डर थंड झाल्यावर सरळ आहे त्याची ताकद बहुतांशी परत आलेली असते. लाइनदोरी दोन्ही टोकांना ताणून मध्ये किती झोळ आहे ते मोजावे. सरळ असलेला गर्डर ठेवता येतो, त्याचे बोल्ट मात्र सगळे बदलावेत. जुन्या गोदामांतले बिडाचे (ओतीव लोखंडाचे) खांब ही वेगळी जात आहे. तापलेल्या बिडावर गार पाण्याचा फवारा बसला की केसासारखी भेग पडते आणि बीड वाकून सूचना देत नाही, एकदम तुटते. प्रत्येक खांब छोट्या हातोडीने वरपासून खालपर्यंत वाजवावा. आवाज कोठे बद्द झाला तर तेथली काजळी घासून भेग शोधावी, आणि शंका असेपर्यंत त्या खांबावर भार ठेवू नये.

स्लॅब आणि काँक्रीट. काँक्रीट साधारण ३०० अंशांपुढे गुलाबीसर आणि ६०० च्या सुमारास पांढुरके-राखाडी होते, हे खरे आहे. परंतु आपल्याकडची खडी काळ्या दगडाची असल्याने गुलाबी छटा फिकी पडते. ती दिसली नाही म्हणून स्लॅब ठीक आहे, असा निष्कर्ष काढू नये. हातोडीने ठोकून पोकळ आवाजाच्या जागा खडूने घेराव्यात. जेथे आच्छादन उडून सळई उघडी पडली आहे तेथे तिची जात पाहावी. पीळ दिलेली जुनी टोर सळई गार अवस्थेत पिळून कडक केलेली असते. ती साधारण ४५० अंशांपुढे तापली की मिळवलेली ताकद कायमची गमावते आणि गर्डरसारखी ती परत येत नाही.

एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. माळ्यावरच्या खोल्यांतली पीव्हीसीची वायर आणि पाइप जळतात तेव्हा आम्लाचा धूर निघतो आणि त्यातले क्लोराइड काजळीसोबत काँक्रीटवर बसते. ती काजळी पावसाळ्याआधी धुवून काढली नाही तर सळई पुढची काही वर्षे आतून गंजत राहते, आणि मग दोष बांधकामाला दिला जातो.

६. चाचण्या कोणाकडून

संरचनात्मक तपासणी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करावी, नकाशा काढून देणाऱ्याकडून नाही. त्याला कामाची कक्षा लेखी द्यावी: कोणत्या भिंती, कोणते खांब, किती नमुने, आणि उत्तर ‘पाडा’ किंवा ‘राखा’ असे नको, तर प्रत्येक घटकाचे वेगवेगळे हवे. नमुन्यांची चाचणी नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेच्या किंवा अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागात होऊ शकते का, याची चौकशी करावी. असा अहवाल नगर परिषदेत आणि न्यायालयात वजनदार ठरतो.

सावधान: केवळ रिबाउंड हॅमरच्या (काँक्रीटवर आपटून उसळी मोजणाऱ्या उपकरणाच्या) आकड्यांवर दिलेला अहवाल स्वीकारू नये. ते उपकरण फक्त पृष्ठभाग वाचते, आणि आगीत बिघडतो तोही आधी पृष्ठभागच. अल्ट्रासोनिक चाचणी (ध्वनिलहरींनी आतला भाग तपासणे) करून घ्यावी आणि निदान तीन ठिकाणचे कोअर (छिद्र पाडून काढलेले काँक्रीटचे दंडगोल नमुने) घ्यावेत. त्यांतला एक न जळालेल्या भागातला असावा, म्हणजे तुलना करता येते.

याच सुमारास नगर परिषदेची धोकादायक इमारतीची नोटीस येऊ शकते. नगर परिषद अधिनियम, १९६५ च्या कलम १९५ नुसार तो अधिकार त्यांना आहे. नोटिशीला उत्तर न देणे ही मोठी चूक आहे. टेकू लावल्याचे फोटो, तपासणी चालू असल्याचे अभियंत्याचे पत्र आणि अहवालाची अपेक्षित तारीख एवढे मुदतीत कळवले, तर सहसा वेळ मिळतो.

७. हिशेब आणि निर्णय

पर्याय दोन धरले जातात, पण ते चार असतात: पूर्ण दुरुस्ती, पूर्ण पाडकाम, माळा काढून इमारत पुन्हा नुसते गोदाम करणे, आणि आहे तशी विकणे.

पाडून नवे बांधण्याच्या हिशेबात एक गोष्ट सुटते. जुने गोदाम प्लॉटच्या हद्दीपर्यंत बांधलेले असते. नवे बांधताना रस्त्यापासून आणि बाजूंनी नियमावलीप्रमाणे जागा सोडावी लागते. अरुंद प्लॉटवर त्यामुळे तळमजल्याचे क्षेत्र इतके घटते, की पूर्वीचे सगळे भाडेकरू त्यात मावत नाहीत. नगर रचनाकाराकडून हे माप काढून घेतल्याशिवाय पाडकामाचे दर मागवू नयेत, कारण एकदा भिंत गेली की जुन्या हद्दीवर ती परत येत नाही.

पूर्ण दुरुस्तीच्या हिशेबात सुटतो तो सुरक्षेचा खर्च. मालाच्या साठ्यातून वर जाणारा एकच लाकडी जिना असलेला माळा पुन्हा राहण्यासाठी द्यायचा असेल, तर बाहेरून दुसरा पक्का जिना, खाली-वर आग अडवणारा तळ आणि नवी वायरिंग यांशिवाय तो देऊ नये, परवानगी मिळाली तरी. हा खर्च मांडला की माळ्याचे भाडे तो भरून काढत नाही, असे माझ्या पाहण्यातल्या बहुतेक हिशेबांत निघाले. म्हणून भिंती सरळ असतील, सागवान निम्मे-अधिक उरले असेल आणि गावात साठ्याला मागणी असेल, तर माळा काढून टाकून गोदामच ठेवणे हा पर्याय मी आधी तपासायला सांगतो. तो कोणाला आवडत नाही, कारण त्यात उत्पन्न कमी दिसते आणि घरात भाडेकरूंच्या हक्कांचा विषय निघतो. पण चौथ्या टप्प्यातले कागद तयार असतील तर त्या विषयाला आकडा लावता येतो.

८. ठरल्यानंतरचा क्रम

पाडायचे ठरल्यास परवानगी, शेजाऱ्याला लेखी सूचना, सामाईक भिंतीचे फोटो आणि मगच काम, या क्रमाने जावे. काम वरून खाली यावे: आधी टिन किंवा कवेलू, मग वासे, कैच्या, माळा आणि सर्वांत शेवटी भिंती. जेसीबीने खालून धक्का देऊन भिंत पाडणे स्वस्त वाटते, परंतु चुन्याची उंच भिंत कोणत्या बाजूला पडेल हे जेसीबीवाला ठरवू शकत नाही. सागवान, बिडाचे खांब आणि जुन्या विटा यांची मोजदाद सर्व सहहिस्सेदारांसमोर करून मगच त्या बाहेर जाऊ द्याव्यात.

राखायचे ठरल्यास आधी पाया आणि पाण्याचा निचरा, मग भिंतींचे सांधे, मग छत, आणि छत झाल्यावर आतले काम. छताआधी प्लास्टर करण्याचा मोह दिवाळीच्या सुमारास फार होतो, तो आवरावा. काम संपल्यावर महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू होणाऱ्या वापरासाठी परवानाधारक अभिकरणाकडून नमुना ‘अ’ चे (अग्निसुरक्षेची साधने बसवल्याचे) प्रमाणपत्र घ्यावे आणि त्यानंतर दर जानेवारी व जुलैमध्ये नमुना ‘ब’ (ती साधने चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र) सादर करावा. विम्याची नवी पॉलिसी घेताना इमारतीचा प्रत्यक्ष वापर जसा असेल तसाच लिहावा.

तड्यांवरच्या काचेच्या पट्ट्या काम झाले म्हणून काढू नयेत. काळ्या मातीने एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा पाहिला की मगच त्या खरवडून भिंतीला रंग द्यावा.